रानपिंगळ्याचा शोध

पिंगळा हा पक्षी महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? दिवेलागणीच्या वेळीं वडाच्या ढोलींतून बाहेर येऊन चिरक्या आवाजांत कलकलाट करणारें, करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेलें तें लहानसें घुबड खेड्यांच्या वेशींवर नेहमीं आढळतें. त्याची भाषा आपणांस कळते असें सांगून पहाटे दारोदार भविष्य वर्तविणाऱ्या जोश्यालाही लोकांनीं पिंगळा हेंच नांव देऊन टाकलें आहे. या गांवपिंगळ्याचा एक भाऊबंद मात्र रानांत राहतो, आणि त्याची हकीकत फार थोड्यांच्या कानीं आलेली असते. त्यास रानपिंगळा म्हणतात. हा पक्षी शास्त्राला इ. स. १८७३ मध्यें माहीत झाला, १८८४ नंतर दिसेनासा झाला, आणि त्यानंतर ११३ वर्षांनीं, १९९७ सालीं, खानदेशांत शहाद्याजवळ पुन्हा दृष्टीस पडला. मधल्या काळांत तो कोठें गेला होता? खरें पाहतां तो कोठेंच गेला नव्हता. पक्षी होता तेथेंच होता. हरवली होती ती त्याच्याविषयींची खरी माहिती, आणि ती हरविण्यास एका खोट्या चिठ्ठीचा मोठा हातभार लागला.

ही चिठ्ठी म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. पक्ष्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया पुष्कळ अंशीं पदार्थसंग्रहालयांतील कातड्यांवर उभा आहे. मृत पक्ष्याचें कातडें पिसांसकट सोडवितात, आंतील मांस काढून टाकतात, त्या जागीं कापूस भरून पोट शिवतात, आणि पायाला एक चिठ्ठी बांधतात. पक्षी कोठें मिळाला, कोणत्या दिवशीं मिळाला, नर कीं मादी, आणि तो मिळविणारा कोण, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. पाहणाऱ्यास ती क्षुल्लक वाटते. पण कातडें हा दस्तऐवज मानला, तर चिठ्ठी ही त्यावरील तारीख आणि सही होय. चिठ्ठी गळून पडली कीं त्या कातड्याची किंमत दिवाणखान्यांतील शोभेच्या पक्ष्याइतकीच उरते. ज्या जातीचे हजारों नमुने जमलेले आहेत, तिच्या बाबतींत एखाद्या चिठ्ठींत चूक झाली तरी फारसें बिघडत नाहीं. बाकीचे नमुने साक्षीला असतात. रानपिंगळ्याचे नमुने मात्र साऱ्या जगांत मिळून अवघे सात होते. ज्या खटल्यांत सातच साक्षीदार आहेत, त्यांत एक साक्षीदार खोटा निघाला तर काय होईल, याची कल्पना कोणासही करतां येईल.

या जातीला शास्त्रीय नांव देणारे गृहस्थ म्हणजे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. इ. स. १८८५ मध्यें राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे म्हणून आपण त्यांस ओळखतों. परंतु त्याआधीं अनेक वर्षें ते हिंदुस्थानांतील पक्षिशास्त्राचे अध्वर्यु होते. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनीं हजारों पक्ष्यांचीं कातडीं जमविलीं आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नांवाचें नियतकालिक चालविलें. हिंदुस्थानांतील पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. पण सिमल्याच्या घरीं ठेवलेलीं हस्तलिखितें त्यांच्या गैरहजेरींत रद्दी म्हणून बाजारांत विकलीं गेलीं, आणि तो संकल्प तेथेंच संपला. कातड्यांचा संग्रह त्यांनीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला.

इ. स. १८७२ मध्यें एफ. आर. ब्लेविट यांनीं आजच्या छत्तीसगडांतील बसना-फुलझरच्या बाजूस एक अनोळखी घुबड मिळवून ह्यूम यांजकडे पाठविलें. ह्यूम यांनीं पुढच्या वर्षीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि मिळविणाऱ्याचें नांव त्या जातीला दिलें. बसना-फुलझर हीं नांवें इंग्रजी लेखनांत ‘बुसना-फूलजन’ अशीं उतरलीं. चिठ्ठी प्रामाणिक असली तरी ती वाचतांनाही डोकें ठिकाणावर ठेवावें लागतें, तें असें. पुढें १८७७ सालीं भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांस दुसरा पक्षी आजच्या ओडिशांतील खरियारच्या बाजूस मिळाला. यानंतरची हकीकत आपल्या प्रांतांतील आहे. जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानें १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत पश्चिम खानदेशांत, शहादें-तळोद्याच्या मुलखांत, या घुबडाचे आणखी चार नमुने मिळविले. डेव्हिडसन हा मोठा साक्षेपी मनुष्य होता. पश्चिम खानदेशांतील पक्ष्यांची त्याची यादी ह्यूमच्याच नियतकालिकांत छापून आली आहे. एक, एक आणि चार मिळून सहा झाले. सातव्याकडे वळण्यापूर्वीं हा पक्षी ओळखावा कसा, तें पाहूं.

दुरून पाहिलें तर रानपिंगळा आणि गांवपिंगळा यांत भेद दिसत नाहीं. उंची दोघांचीही वीतभर. पण गांवपिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके शिंपडलेले असतात, तर रानपिंगळ्याचें डोकें व पाठ जवळजवळ कोरी, तपकिरी असते. त्याचें डोकें आणि चोंच अंगाच्या मानानें थोर. पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनीं बोटांपर्यंत झांकलेले, जणूं लोंकरी मोजे घातले आहेत. पंखांवर व शेपटीवर रुंद, ठसठशीत पट्टे. याच रानांत आणखी एक लहान घुबड असतें. पण त्याच्या अंगभर बारीक आडव्या रेघा असल्यामुळें तें सहज वेगळें काढतां येतें.

आतां सातवा नमुना. तो होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहांत. हे गृहस्थ (१८७८–१९६७) इंग्रजी सैन्यांतील अधिकारी, धाडसी प्रवासी आणि नामांकित पक्षिशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले. १९५४ सालीं त्यांनीं सुमारें २०,००० कातड्यांचा संग्रह ब्रिटिश म्यूझियमला दान केला. त्यांतील रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर ठिकाण होतें तापीकांठचें मांडवी, म्हणजे सुरतेकडील मांडवी गांव. आणि साल होतें १९१४. या एका चिठ्ठीनें दोन गोष्टी एकदम बदलल्या. पक्षी १८८४ पर्यंतच नव्हे तर त्यानंतर तीस वर्षें तरी टिकून होता असें ठरलें. आणि त्याचा शेवटचा ठावठिकाणा खानदेशांतून उठून गुजराथेंत गेला. सर्वांत ताजी नोंद तीच, म्हणून शोधणाऱ्यांची पावलें साहजिकच तिकडे वळलीं. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत सालीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्या नाणावलेल्या शास्त्रज्ञांनीं रानपिंगळ्याचा शोध घेतला, तोही व्यर्थ गेला. पक्षी नामशेष झाला असावा, असें बहुतेकांस वाटूं लागलें.

सगळा दोष एका चिठ्ठीच्या माथीं मारणें मात्र योग्य होणार नाहीं. डेव्हिडसनच्या खानदेशांतील नोंदी छापलेल्या होत्या. त्यांवरून कोणीही शहाद्यास जाऊं शकला असता. शिवाय घुबड म्हणजे रात्रीं शोधावयाचा पक्षी, हा सार्वत्रिक समजही आड आला असावा. तो या घुबडाच्या बाबतींत किती चुकीचा आहे, हें पुढें दिसेलच.

माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहाविषयीं कुजबूज त्यांच्या हयातींतच होती. पण लेखी पुरावा पुढें आला तो १९९३ सालीं. ॲलन नॉक्स या शास्त्रज्ञानें तांबड्या टाळूच्या एका लहान विलायती पक्ष्याचीं कांहीं कातडीं तपासून दाखवून दिलें कीं, माइनर्ट्झहागेन यांनीं स्वतः मिळविले म्हणून नोंदलेले हे नमुने खरोखर दुसऱ्यांचे आहेत. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत पामेला रासमुसेन या विदुषी दक्षिण आशियांतील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या कामांत गुंतल्या होत्या. त्यांना प्रत्येक जातीच्या नोंदी पडताळाव्या लागत, आणि माइनर्ट्झहागेन यांच्या नोंदी इतर कोणाच्याही नोंदींशीं जुळत नाहींत, असा अनुभव त्यांस वारंवार येऊं लागला.

येथें तपासाची रीत समजून घेण्यासारखी आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकेवर नांव नसलें तरी अक्षरावरून ती कोणाची हें मास्तर ओळखतो. तसेंच कातडीं तयार करणाऱ्यांचें असतें. एक जण कापूस घट्ट भरतो, दुसरा सैल. कोणी पंखाच्या सांध्यापाशीं चीर देतो, कोणी देत नाहीं. टांका कोणाचा लांब, कोणाचा आंखूड. कोणी मेंदू काढण्यासाठीं कवटीला एका ठिकाणीं भोंक पाडतो, तर कोणी दुसऱ्या ठिकाणीं. क्ष-किरणांनीं कातड्याच्या आंतील काड्या व हाडें न फाडतां पाहतां येतात. एका माणसानें तयार केलेलीं पन्नास कातडीं पाहिलीं कीं एकावन्नावें त्याचें आहे कीं नाहीं हें तज्ज्ञाला सांगतां येतें.

मांडवीचा म्हणविलेला रानपिंगळा असा तपासला, तेव्हां त्याचें कातडें एकदां नव्हे तर दोनदां तयार केलेलें आढळलें. कोणी तरी जुने टांके उसवून, नवें भरण घालून, नव्यानें शिवून त्याचें रूप पालटलें होतें. पण पहिल्या शिंप्याच्या खुणा पुसून टाकणें त्यास साधलें नाहीं, आणि त्या खुणा डेव्हिडसनच्या हातच्या होत्या. अर्थ उघड होता. हा पक्षी १९१४ सालीं मांडवीस मिळालेला नसून त्याच्या तीस वर्षें आधीं डेव्हिडसननें खानदेशांत मिळविलेला होता. म्यूझियममधून तो चोरीस गेला, आणि खोटें ठिकाण व खोटें साल लिहून, दान म्हणून, पुन्हा त्याच म्यूझियमच्या कपाटांत जाऊन बसला. हा सर्व तपास रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनीं १९९९ सालीं सप्रमाण प्रसिद्ध केला. एवढ्या मोठ्या ज्ञात्यानें असें कां करावें, याचें समाधानकारक उत्तर कोणापाशीं नाहीं. नव्या ठिकाणच्या दुर्मिळ नोंदीमुळें मिळणाऱ्या मानाचा लोभ, एवढेंच म्हणतां येतें.

चिठ्ठी खोटी आहे अशी खात्री पटतांच मांडवी नकाशावरून पुसली गेली, आणि उरलेलीं ठिकाणें स्पष्ट झालीं: पूर्वेकडे बसना व खरियार, पश्चिमेकडे खानदेश. १९९७ च्या नोव्हेंबरमध्यें रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे हिंदुस्थानांत आले. आधीं ते पूर्वेकडील ठिकाणीं गेले. तेथें हातीं कांहीं लागलें नाहीं. मग ते शहाद्यास आले. हा तालुका त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होता; नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो १९९८ सालीं, आणि डेव्हिडसनच्या दिवसांत तर सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. डेव्हिडसननें पाहिलेलीं सपाटीवरील रानें जाऊन तेथें शेतें झालीं होतीं. म्हणून ही मंडळी सातपुड्याच्या पायथ्याच्या टेंकड्यांकडे वळली. २५ नोव्हेंबर रोजीं सकाळीं, चांगलें ऊन पडलें असतां, किंग यांस एका उघड्या फांदीवर बसलेलें लहान घुबड दिसलें. डोक्यावर ठिपके नाहींत, पाठ कोरी, पाय जाड आणि पांढरे. पक्षी बराच वेळ जागचा हलला नाहीं, त्यामुळें त्याचें छायाचित्रण व चलच्चित्रण दोन्ही करतां आलें. या वेळीं पुराव्यासाठीं कातडें काढण्याची गरज पडली नाहीं.

यानंतर खरा अभ्यास सुरू झाला, आणि तो मुख्यतः आपल्याच देशांतील अभ्यासकांनीं केला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीनें फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनीं तळोदें, तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशांतील लगतचीं रानें हिंडून पाहिलीं. रीत साधी पण चिकाटीची. पक्ष्याच्या हाकेचें ध्वनिमुद्रण रानांत ठराविक अंतरावर वाजवावयाचें, थांबावयाचें, ऐकावयाचें, आणि उत्तर आलें तर ती जागा नकाशावर टिपावयाची. जानेवारी-फेब्रुवारींत, म्हणजे जोडी जमविण्याच्या दिवसांत, पक्षी हाकेला चटकन ओ देतो. इतर वेळीं गप्प बसतो. त्यामुळें ऋतु चुकला तर पक्षी असूनही नाहीं असा निकाल निघण्याचें भय असतें. पहिल्या पाहणींत चार ठिकाणीं मिळून २५ पक्षी आढळले. पुढें पुण्याच्या व इतर ठिकाणच्या अभ्यासकांनीं मेळघाट, खंडवा, बऱ्हाणपूर, बैतूल, यावल या बाजूंस शोध वाढविला, आणि मेळघाट हें या पक्ष्याचें बळकट ठाणें असल्याचें दिसून आलें.

या अभ्यासांतून रानपिंगळ्याचें जें चरित्र पुढें आलें, तें गांवपिंगळ्याहून पुष्कळच निराळें आहे. तो दिवसां शिकार करतो. हिंवाळ्यांत सकाळीं उंच झाडाच्या शेंड्यावर बसून ऊन खातो, मग खालच्या फांदीवर येऊन जमिनीकडे टक लावून बसतो, आणि शेपटी झटक्यानें इकडून तिकडे हलवीत राहतो. सावज दिसलें कीं झडप. त्याच्या खाण्यांत सुमारें साठ टक्के सरडे, सापसुरळ्या असे सरपटणारे लहान प्राणी, पंधरा टक्के उंदीर, आणि बाकी किडे, बेडूक व क्वचित लहान पक्षी असतात, असें आढळलें आहे. सापसुरळी उन्हांत हिंडते. तिच्यावर जगणाऱ्यास रात्रींचा दिवस करून काय उपयोग? एकाच विहिरीवर भाऊबंदांनीं पाण्याच्या पाळ्या वाटून घ्याव्या, तशी या दोघा पिंगळ्यांनीं वेळ आणि जागा वाटून घेतली आहे: एकास वस्तीजवळची संध्याकाळ व रात्र, दुसऱ्यास आंतल्या रानांतला दिवस. पक्ष्यांच्या इतक्या जाती एका मुलखांत कशा नांदतात, या मोठ्या प्रश्नाचा एक लहानसा उलगडा येथें होतो.

हें रानही कोणतें तरी चालत नाहीं. साग, सालई, बोंडारा अशा झाडांचें, पानगळीचें, फार दाट नसलेलें आणि तळाशीं झुडपांची गर्दी नसलेलें रान त्यास लागतें. घरटें जुन्या झाडाच्या ढोलींत. अंडीं मादी उबविते, नर तिला अन्न आणून देतो, आणि महिनाभरानें पिलें बाहेर पडतात. नरानें स्वतःचेंच पिलूं खाल्ल्याचीही नोंद आहे; पक्ष्यांच्या संसाराचीं गोड वर्णनें करणाऱ्यांनीं ती लक्षांत ठेवावी. ढोली मात्र स्वतः कोरण्याचें सामर्थ्य या पक्ष्यांत नाहीं. फांदी मोडून, लाकूड कुजून, किंवा सुतारपक्ष्यानें कोरून जी पोकळी होते तिच्यावर त्याची भिस्त. म्हणून जुनीं, पोकळ झालेलीं झाडें लांकडासाठीं निकामी समजून तोडलीं कीं रान उभें दिसलें तरी रानपिंगळ्याचें घर गेलें.

आतां खोट्या चिठ्ठीची खरी किंमत लक्षांत येईल. इ. स. १९९० च्या सुमारास सरदार सरोवराच्या बुडितांतील लोकांच्या पुनर्वसनासाठीं तळोद्याच्या राखीव जंगलांतील हजारों एकर जमीन मोकळी करण्यांत आली. ज्यांचें घरदार पाण्याखालीं जाणार त्यांस जमीन हवीच होती. त्याबद्दल त्यांस बोल लावणें अन्यायाचें होईल. परंतु त्या वेळीं जमिनीचा जो हिशेब झाला, त्यांत रानपिंगळ्याच्या नांवाचा रकानाच असणें शक्य नव्हतें. तो पक्षी तेथें जिवंत आहे हें कोणासच ठाऊक नव्हतें. किती ढोली त्यांत गेल्या, हें आतां मोजतां येणार नाहीं.

नांवाचा प्रश्न थोडक्यांत सांगतां येईल. ह्यूम यांनीं या पक्ष्यास गांवपिंगळ्याच्या वंशांत न ठेवतां ‘हेटेरोग्लॉक्स’, म्हणजे ‘निराळें घुबड’, असा स्वतंत्र वंश कल्पिला होता. तें बरोबर कीं चूक, हा वाद शंभराहून अधिक वर्षें चालला. २०१८ सालीं भारतीय अभ्यासकांनीं डी. एन. ए. तपासून दाखविलें कीं, रानपिंगळा हा गांवपिंगळ्याच्या घराण्यांतलाच आहे. आपल्या लोकांनीं दोघांसही पिंगळाच म्हटलें, तें शास्त्राच्या कसोटीस उतरलें म्हणावयाचें.

त्याच वर्षीं जागतिक यादींत या पक्ष्याचें स्थान ‘अत्यंत धोक्यांत’ या वर्गांतून ‘धोक्यांत’ या वर्गांत आणण्यांत आलें. पक्षी वाढले म्हणून हें झालें असें नव्हे, तर अधिक ठिकाणीं शोधले व सांपडले म्हणून. एकूण प्रौढ पक्षी हजारांहून कमी असावेत असा अंदाज आहे. नव्या ठिकाणांपैकीं एक गुजराथेंतील डांगच्या रानांत, पूर्णा अभयारण्यांत आहे. आणि तें मांडवीपासून फार दूर नाहीं. यावरून माइनर्ट्झहागेन यांची चिठ्ठी खरी ठरत नाहीं. गणित न सोडवितां उत्तर जुळलें तर गुरुजी गुण देत नाहींत, तसेंच हें.

दुसरें ठिकाण तर मुंबईच्या दाराशींच आहे. ज्या तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईकर पीत आले, त्याच्या भोंवतालच्या अभयारण्यांत, ठाणें जिल्ह्यांत, ऑक्टोबर २०१४ मध्यें रानपिंगळा दिसला, आणि त्याची नोंद ठिकाण व तारखेसह पुढल्याच वर्षीं छापून आली. मूळच्या त्या सात चिठ्ठ्यांपैकीं, खऱ्या वा खोट्या, एकीवरही सह्याद्रीचें नांव नाहीं.